गुठळीनंतरचा व्यायाम आणि पायातले स्टॉकिंग

नमस्कार. तुमच्या प्रश्नातून मला जे समजले ते आधी मांडते, म्हणजे मी काही चुकीचे गृहीत धरले असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुमचे वय ४३, राहणे ठाण्यात नौपाड्याला, नोकरी फोर्टमध्ये. डाव्या घोट्याचे हाड मोडून पाय प्लास्टरमध्ये असताना पोटरीत गुठळी झाली आणि डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, ती गुडघ्यामागून मांडीच्या खालच्या भागातील खोल शिरेपर्यंत पोहोचलेली दिसली. त्याला आता पाच महिने झाले असून रिव्हारॉक्साबॅन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची २० मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. पहाटे उपवन तलावाकाठी चालणे तुम्ही पुन्हा सुरू केले आहे आणि पावसाळा संपल्यावर पळायचेही मनात आहे. जिममधला प्रशिक्षक सांगतो की स्टॉकिंग, म्हणजे पायाला दाब देणारा घट्ट लांब मोजा, घातल्याखेरीज ट्रेडमिलवर पाय ठेवू नका, नाहीतर गुठळी सुटेल. एका डॉक्टरांनी मात्र स्टॉकिंगचा उपयोग नसल्याचे आता सिद्ध झाले आहे, असे सांगितले. तुमचा स्वतःचा अनुभव असा, की स्टॉकिंग घालून चालले की घामाने खाज सुटते आणि न घालता चालले की संध्याकाळी पाय जड होतो. तेव्हा व्यायाम करताना ते घालायचे की नाही, घालायचे तर कोणते आणि किती दिवस, असा तुमचा प्रश्न आहे.

मी ठाण्यात २२ वर्षे फिजिओथेरपी करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत शिरांच्या आजारांचे रुग्ण बरेच असतात. गोळी कोणती, किती दिवस आणि कधी थांबवायची, हे तुमच्या डॉक्टरांचे क्षेत्र आहे. त्यात मी शिरणार नाही. तुमचा पाय मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढच्या उत्तरात काही ठिकाणी ‘असे असेल तर’ येणे अपरिहार्य आहे. माझे मत मात्र आधीच सांगून टाकते. व्यायाम करताना स्टॉकिंग घालणे सक्तीचे नाही आणि निषिद्धही नाही. ज्याला ते घालून जास्त आणि सुखाने चालता येते त्याने ते घालावे. तुमच्या बाबतीत ते उपवनपेक्षा लोकलमध्ये अधिक कामाचे आहे, आणि त्या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा तुमचा घोटा आहे, ज्याविषयी तुम्ही काही विचारलेलेच नाही.

आधी प्रशिक्षकाने घातलेल्या भीतीविषयी. एके काळी पायात गुठळी झालेल्या रुग्णाला कित्येक दिवस पलंगावरून उतरू देत नसत. रक्त गोठू न देणारे औषध लागू झाल्यानंतर लवकर चालायला लावलेल्या रुग्णांमध्ये गुठळी फुप्फुसात जाण्याचे प्रमाण वाढत नाही, हे पुढे अभ्यासांतून दिसत गेले आणि ती पद्धत मागे पडली. शिवाय पाच महिन्यांनंतर शिरेत जे उरते ते पहिल्या आठवड्यातल्यासारखे मऊ, लोंबते राहिलेले नसते. शरीर गुठळीचा बराचसा भाग विरघळवते आणि उरलेला भाग शिरेच्या भिंतीला चिकटून जखमेच्या वणासारखा तंतुमय होतो. पुढच्या डॉपलरच्या अहवालात ‘जुनी गुठळी’ किंवा ‘अंशतः मोकळी झालेली शीर’ असे शब्द आले तर ते याच अर्थाने वाचावेत. स्टॉकिंग म्हणजे गुठळी जागेवर धरून ठेवणारा पट्टा नव्हे. गुठळीपासून तुमचे संरक्षण गोळी करते, आणि म्हणून एखाद्या दिवशी स्टॉकिंग विसरले तर चालेल, गोळी विसरलेली चालणार नाही. पहाटे रिकाम्या पोटी चालायला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट ओघात सांगते: रिव्हारॉक्साबॅनची २० मिलिग्रॅमची मात्रा जेवणाबरोबरच घ्यायची असते, नाहीतर ती पुरती शोषली जात नाही.

मग स्टॉकिंग करते तरी काय, हे समजण्यासाठी पोटरीचे काम समजून घ्यावे लागेल. माणूस स्तब्ध उभा असतो तेव्हा हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा सलग स्तंभ असतो आणि त्याच्या भाराने घोट्याजवळच्या शिरेतला दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याएवढा (रक्तदाब मोजतात तेच हे एकक) होतो. तोच माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलाला खोल शिरा पिळतात, झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत, आणि निरोगी पायात दहा-बारा पावलांतच हा दाब ३० च्या आसपास उतरतो. गुठळीनंतर दोन गोष्टी बिघडू शकतात: शिरेचा मार्ग अरुंद राहतो, आणि गुठळीने झडपा खराब होतात. अशा पायात चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. दिवसभर साचत गेलेला हा दाबच सूज, जडपणा, घोट्यावरचा काळसरपणा आणि फार पुढे गेल्यास न भरणारी जखम, या साखळीचे कारण असतो. खोल शिरेतील गुठळीनंतर २० ते ५० टक्के रुग्णांना या त्रासाचा काही ना काही अंश जाणवतो; तीव्र त्रास त्यामानाने थोड्यांनाच होतो.

स्टॉकिंग बाहेरून, घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर कमी होत जाणारा दाब देऊन शिरांना आवळून धरते, त्यामुळे रक्त साचायला जागा कमी मिळते आणि ऊतींत पाणी कमी झिरपते. म्हणजे पोटरीचे काम ते सोपे करते, पोटरीऐवजी काम करत नाही. म्हणूनच स्टॉकिंग घालून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यापेक्षा स्टॉकिंगविना तासभर चालणाऱ्याचा पाय मला नेहमी बरा दिसतो.

‘उपयोग नसल्याचे सिद्ध झाले’ हे तुमच्या त्या डॉक्टरांचे म्हणणे निराधार नाही, पण ते कशाविषयी आहे हे नेमके पाहावे लागेल. १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये आणि २००४ मध्ये इटलीमध्ये झालेल्या चाचण्यांत गुठळीनंतर दोन वर्षे स्टॉकिंग घातल्यास दीर्घकालीन त्रासाचे प्रमाण जवळपास निम्मे झाल्याचे दिसले होते. आम्ही सगळे त्या आधारावर सरसकट दोन वर्षे स्टॉकिंग सांगत असू. त्या चाचण्यांत तुलनेसाठी खोटे स्टॉकिंग नव्हते, त्यामुळे आपण काय घातले आहे हे रुग्णांना ठाऊक होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः कॅनडातील मोठ्या चाचणीत ८०० हून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना ३० ते ४० मिलिमीटर पाऱ्याचे खरे आणि निम्म्यांना घोट्याशी ५ पेक्षाही कमी दाबाचे, दिसायला अगदी तसेच स्टॉकिंग दिले गेले. दोन वर्षांनी त्रासाचे प्रमाण खऱ्या गटात १४.२ टक्के आणि खोट्या गटात १२.७ टक्के निघाले. म्हणजे फरक नाही. या चाचणीवर मुख्य आक्षेप असा, की शेवटी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस स्टॉकिंग घालणारे रुग्ण निम्म्याहून थोडेच जास्त उरले होते. तरीही त्यानंतर मोठ्या मार्गदर्शक सूचनांनी सर्वांना सरसकट स्टॉकिंग देऊ नये अशीच भूमिका घेतली, आणि ज्यांना सूज किंवा जडपणा आहे त्यांना आराम म्हणून ते देण्याची मोकळीक ठेवली.

यात एक बारकावा आहे. या चाचण्या भविष्यातला त्रास टळतो का, हे तपासत होत्या. तुमचा प्रश्न आजच्या संध्याकाळच्या जडपणाचा आहे. व्यायामापुरते बोलायचे तर कॅनडात २००३ मध्ये एक छोटा अभ्यास झाला, ज्यात पूर्वी गुठळी झालेले तेच रुग्ण एकदा स्टॉकिंग घालून आणि एकदा न घालता ट्रेडमिलवर चालवले गेले. स्टॉकिंगने फायदा दिसला नाही आणि तोटाही दिसला नाही. चालण्याने कोणाचा पाय बिघडला नाही. अभ्यास लहान होता, पण माझ्या खोलीतल्या ट्रेडमिलवर इतकी वर्षे जे दिसते त्याच्याशी तो जुळतो: काहींना स्टॉकिंगने स्पष्ट बरे वाटते, काहींना काहीच फरक पडत नाही, आणि कोण कोणत्या गटात आहे हे आधी ओळखता येत नाही.

म्हणून मी रुग्णाला मत देण्यापेक्षा टेप देते. शिंप्याकडे असते तशी साधी टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा उंचवटा हाताला लागतो. तिथून १० सेंटिमीटर खाली बॉलपेनने खूण करा आणि त्या खुणेवर पोटरीचा घेर मोजा. दुसरी खूण घोट्याच्या हाडाच्या वर, पाय जिथे सर्वांत बारीक असतो तिथे. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. सकाळी उठल्यावर, चालून आल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी, अशी तीन मापे एका वहीत लिहा, शेजारी जडपणाला ० ते १० पैकी गुण द्या आणि किती अंतर चाललात तेही लिहा. एक आठवडा चालताना स्टॉकिंग घाला, दुसरा आठवडा चालताना घालू नका. रस्ता, वेळ आणि वेग शक्यतो तोच ठेवा, आणि दिवसाचा बाकीचा क्रम अजिबात बदलू नका. स्टॉकिंगच्या आठवड्यात रात्रीची सूज सेंटिमीटरभर कमी असेल किंवा तुम्ही एक फेरी जास्त मारत असाल, तर ते घालून चाला. आकडे सारखेच आले तर चालताना ते काढून ठेवा आणि खाजेतून सुटका करून घ्या. कळव्याच्या एका शिक्षिकेने अशी वही मला दाखवली तेव्हा त्यांच्या आकड्यांवर चालण्याचा काहीच परिणाम नव्हता. सूज वाढत होती ती फक्त त्यांना सलग चार तास उभ्याने शिकवावे लागे त्या दिवशी.

त्यावरून लोकलकडे येते. तुम्ही नौपाड्याहून फोर्टला जाता, म्हणजे धिम्या गाडीने जवळपास तासभर, आणि गर्दीच्या वेळी तो तास उभ्यानेच जातो. डब्यात पाय हलवायलाही जागा नसते. पोटरी जवळजवळ बंद, आणि घोट्यावर तो ८०-९० चा दाब सलग तासभर. संध्याकाळी परत तेच. मी पाहिलेल्या बहुतेक रुग्णांनी जिममध्ये स्टॉकिंग काटेकोरपणे घातलेले असते आणि ऑफिसला निघताना पँटीखाली उकडते म्हणून काढलेले असते. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. चालताना तुमचा स्वतःचा पंप चालू असतो; तो बंद पडतो तेव्हा बाहेरच्या मदतीची गरज जास्त असते. स्टॉकिंग दिवसातून किती तास सहन होते याला मर्यादा असेल, तर ते तास प्रवासासाठी आणि ऑफिसच्या खुर्चीसाठी राखून ठेवा. गाडीत उभे असताना दर काही मिनिटांनी टाचा उचला, शेजारच्याला कळणारही नाही.

आता घोटा. फ्रॅक्चर आणि प्लास्टरनंतर घोटा आखडतो, हे आम्ही रोज पाहतो, पण गुठळी झाली की सगळ्यांचे लक्ष शिरेकडे जाते आणि घोटा मागे पडतो. पोटरीचा पंप चालतो तो घोटा वर-खाली होण्यावर. पाऊल पुढे टाकताना नडगी पायाच्या पंजावरून पुढे झुकली नाही, तर पोटरी पुरती ताणली जात नाही आणि मग पुरती आवळलीही जात नाही. माणूस हजारो पावले चालतो आणि पंप अर्ध्या फटक्याने चालत राहतो. शिरांच्या आजारात घोट्याची हालचाल कमी असणाऱ्यांचा पंप दुबळा असतो, ही जुनी आणि पक्की माहिती आहे.

घरी तपासायची रीत सोपी आहे. भिंतीसमोर उभे राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून काही अंतरावर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल थोडे मागे घ्या आणि पुन्हा करा. टाच उचलल्याशिवाय गुडघा जिथून शेवटचा टेकतो ते अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. उजव्या पायाचेही मोजा. दोन्हींत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर तुमच्या संध्याकाळच्या जडपणाचा मोठा वाटा घोट्याच्या खात्यावर आहे असे मी धरेन. त्यानंतर भिंतीला बोटे टेकवून एका पायावर टाच उचलणे: उजव्या पायावर वीस-पंचवीस वेळा जमत असेल आणि डाव्यावर सहाव्या वेळी टाच अर्धीच उचलली जात असेल, तर पंपाचे इंजिनच लहान झाले आहे. हाड जुळले आहे आणि पूर्ण भार द्यायला हरकत नाही, एवढे अस्थिरोगतज्ज्ञांकडून आधी विचारून घ्या. मग दोन महिने घोट्याचा ताण आणि टाचा उचलणे, आधी दोन्ही पायांवर आणि नंतर एका पायावर, एक दिवसाआड. टाच सावकाश खाली आणण्यात खरे काम आहे. धपकन खाली टाकली तर व्यायाम अर्धा वाया जातो.

पळण्याविषयी माझा क्रम असा असतो: सपाटीवर ४५ मिनिटे भरभर चालून दुसऱ्या दिवशी पाय पूर्ववत होत असेल, डाव्या पायावर टाच किमान पंधरा-वीस वेळा पूर्ण उचलली जात असेल आणि लंगडणे नसेल, तर एक मिनिट पळणे आणि दोन मिनिटे चालणे, तेही सपाट रस्त्यावर. येऊरचा चढ त्यानंतर. उतार सर्वांत शेवटी, कारण उतरताना पोटरीवर आणि घोट्यावर पडणारा झटका वेगळा असतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेपर्यंत पडण्याचा, विशेषतः डोक्याला मार लागण्याचा धोका ओढवून घेऊ नये. पावसात येऊरच्या निसरड्या पायवाटा, सायकलवरून पाम बीच रोडची गर्दी आणि धक्काबुक्कीचे खेळ या काळात टाळलेले बरे. वजने उचलायला हरकत नाही, पण श्वास कोंडून जोर लावू नका. पोटातला दाब वाढला की पायातून वर येणाऱ्या रक्ताची वाट तेवढ्यापुरती अडते. अंग दुखले म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटरी जोरात चोळूनही घेऊ नका.

कोणते स्टॉकिंग, यात दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही गोंधळतात. शस्त्रक्रियेनंतर हॉस्पिटलात पायात चढवतात ते पांढरे स्टॉकिंग झोपून असलेल्या माणसासाठी असते. त्याचा घोट्याशी दाब साधारण १८ मिलिमीटर पारा असतो आणि चालत्याफिरत्या माणसाला तो पुरत नाही. धावणारे वापरतात त्या बिनपावलाच्या नळ्या पोटरी आवळतात आणि पाऊल मोकळे सोडतात. सुजऱ्या पायात मग सगळे पाणी घोट्याशी आणि पावलात उतरते. तुम्हाला पावलासह गुडघ्याखालपर्यंतचे, घोट्याशी मोजलेला दाब पाकिटावर लिहिलेले स्टॉकिंग हवे. मांडीपर्यंतचे घेण्याने काही जास्त मिळत नाही, ते फक्त घसरते. पाकिटावरच्या ‘क्लास २’ वर मात्र विसंबू नका: जर्मन मोजणीत क्लास २ म्हणजे २३ ते ३२, ब्रिटिश मोजणीत १८ ते २४. आकडाच पाहा. तुमच्यासारख्याला मी २० ते ३० पासून सुरुवात करायला सांगते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत २५ आणि ३५ मिलिमीटर पाऱ्याच्या स्टॉकिंगची तुलना झाली आणि कमी दाबाचे स्टॉकिंग दीर्घकालीन त्रास टाळण्यात मागे पडल्याचे दिसले नाही. ते घालायला सोपे असते, म्हणून ते पायात जास्त वेळ राहते.

माप नेहमी सकाळी, पलंगावरून उतरल्यावर शक्य तितक्या लवकर. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गृहस्थांचे माप संध्याकाळी सहाला, ते कामावरून थेट आले असताना घेतले होते. आठवड्याभराने ते म्हणाले, ‘मॅडम, स्टॉकिंग फारच सुखाचे आहे.’ सुखाचे असणारच. सुजलेल्या पायाच्या मापाचे स्टॉकिंग सकाळच्या पायावर साध्या मोज्यासारखे बसत होते. त्यांचे अडीच हजार रुपये माझ्यामुळे वाया गेले. तेव्हापासून घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत मोठा घेर आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची, ही तिन्ही मापे घरीच सकाळी घेऊन यायला सांगते. एस, एम, एल असे शर्टासारखे सांगून घेतलेले स्टॉकिंग बहुधा चुकते.

तुमच्या खाजेचे मूळ मला घामात आणि घालण्याच्या रीतीत दिसते. आपल्याकडच्या दमट हवेत कालचे, घाम सुकलेले स्टॉकिंग आज पुन्हा चढवले की खाज येणारच, त्यामुळे दोन जोड्या हव्यात. रोज कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलात दाबून सावलीत वाळवा. इस्त्री आणि कपडे मऊ करणारे द्रव नको. रोज वापरात असलेल्या स्टॉकिंगचा ताण साधारण सहा महिन्यांत जातो. पायाला क्रीम लावायचे तर रात्री. सकाळी स्टॉकिंग आत हात घालून टाचेपर्यंत उलटे करा, आधी पाऊल आणि टाच नीट बसवा, मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळहाताने थोडे थोडे वर सरकवा. वरची कड धरून ओढू नका, आणि जास्तीचा भाग दुमडून ठेवू नका: दुमडलेल्या कडेशी दाब दुप्पट होतो आणि ती दोरीसारखी आवळते. घोट्यासमोरची सुरकुतीही तळहाताने सपाट करा. एवढे करूनही लाल पुरळ उठत असेल, बोटांच्या बेचक्यांत पांढरे चिघळलेले दिसत असेल, तर स्टॉकिंग थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

काहींनी मात्र स्टॉकिंग स्वतःच्या मनाने घालूच नये. ज्यांच्या पायाच्या रोहिणी (हृदयाकडून पायाला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या) अरुंद झाल्या आहेत, म्हणजे थोडे चालून पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर जातो, पावले गार पडतात, त्यांना बाहेरचा दाब घातक ठरू शकतो. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात; ते ०.८ च्या खाली असेल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय स्टॉकिंग नाही आणि ०.५ च्या खाली असेल तर अजिबात नाही. मधुमेहींमध्ये हा आकडा फसवा येतो, कारण रोहिण्या कडक झालेल्या असतात, आणि संवेदना कमी असल्याने रुतलेले त्यांना कळतही नाही. तुम्हाला मधुमेह आहे का, तुम्ही सिगारेट ओढता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. उत्तर ‘हो’ असेल तर ही तपासणी आधी करून घ्या.

किती दिवस घालायचे, याचे उत्तर दिनदर्शिकेवर नाही. गुठळीनंतरच्या त्रासासाठी व्हिलाल्टा नावाची गुणपद्धत वापरतात: दुखणे, पेटके, जडपणा, मुंग्या आणि खाज ही रुग्णाने सांगायची पाच लक्षणे, आणि डॉक्टरांनी पाहायची सहा चिन्हे, प्रत्येकाला ० ते ३ गुण. ५ किंवा अधिक गुण म्हणजे त्रास जडला आहे, १५ किंवा अधिक म्हणजे तो तीव्र आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका चाचणीत सहा महिन्यांनंतर हे गुण ४ किंवा त्याखाली राहिलेल्यांचे स्टॉकिंग बंद करण्यात आले, आणि सर्वांना दोन वर्षे घालायला लावण्यापेक्षा ती रीत उणी ठरली नाही. तुमचे सहा महिने पुढच्या महिन्यात भरतात. त्या भेटीत डॉक्टरांना हे गुण काढायला सांगा, तुमची वही दाखवा, आणि डाव्या पायाचा घेर सकाळीसुद्धा उजव्यापेक्षा किती जास्त आहे ते विचारा.

चालताना पुढील गोष्टी झाल्या तर वही बाजूला ठेवायची. अचानक धाप लागणे, खोल श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर थेट इस्पितळ, गरज पडल्यास १०८. पाय एका-दोन दिवसांत ठळक सुजून तणतणीत झाला तर त्याच दिवशी डॉक्टर. पळताना पोटरीत काही तुटल्यासारखी कळ येऊन निळेपणा पसरला, तर रक्त पातळ असल्याने स्नायूत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेही त्याच दिवशी दाखवायचे. आणि चालताना मांडी किंवा पोटरी फुटेल अशी ताणून दुखत असेल, थांबून नुसते उभे राहून न शमता पाय वर घेतल्यावरच शमत असेल, तर अडथळा कदाचित वर पोटाच्या शिरेत आहे. डाव्या बाजूला हे अधिक दिसते, कारण उजव्या पायाकडे जाणारी रोहिणी डाव्या पायाच्या शिरेवरून जाते आणि काहींमध्ये ती तिला दाबते. तिथे गुडघ्याखालचे स्टॉकिंग काही करू शकत नाही; रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांनीच पाहायला हवे.

शेवटी तुम्ही जाता जाता पोहण्याविषयी विचारले होते. पोहण्याच्या तलावात स्टॉकिंग काढूनच उतरा. १ मीटर खोल पाण्याचा दाब साधारण ७४ मिलिमीटर पाऱ्याएवढा असतो, म्हणजे छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहिले की घोट्याशी तो ८०-९० वर जातो आणि वर येताना आपोआप कमी होत जातो. इतके नेमके माप कुठल्याही दुकानात मिळत नाही. उथळ भागात अर्धा तास नुसते चालणेही तुमच्या आखडलेल्या घोट्याला मानवेल. काठाची फरशी निसरडी असते, तेवढे जपा, आणि बाहेर आल्यावर पाय बोटांच्या बेचक्यांसकट पूर्ण कोरडे झाल्याखेरीज स्टॉकिंग चढवू नका. ओल्या कातडीवर ते सरकत नाही आणि जोर लावला की नेमकी टाचेपाशी शिवण उसवते.